चतुर्थीच्या तोंडावर डबा उघडू नका: कुत्र्यामांजरांच्या घरातल्या दुरुस्तीच्या सामानाची पारख

श्रावण लागला की बेळगावच्या पेठेत रंगाच्या दुकानांपुढं गर्दी होते. गणपती यायच्या आत भिंती चकचकीत दिसायला हव्यात, म्हणून जून-जुलैचा पाऊस प्यालेल्या भिंतीवर पुट्टी ओढली जाते, वर रंगाचे दोन हात होतात, आणि दिवाळीची पणती लावायला वाकावं तर खालची दोन फूट भिंत पोपडे धरून बसलेली असते. मग रंगाच्या कंपनीच्या नावानं शंख. बऱ्याचदा रंगाचा त्यात काही दोष नसतो, ओल्या भिंतीवर तो लावणाऱ्याचा असतो.

नवराबायको दोघं नोकरीला, पोरांची शाळा, दारात कुत्रा नाहीतर चुलीजवळ मांजर, हातात शनिवारची संध्याकाळ आणि रविवार, खिशात मोजकेच पैसे. अशा घरात कुठलं सामान घ्यावं आणि कुठलं दुकानातच ठेवावं, याची ही पारख. तीन कामं धरली आहेत: ओल, खिडकीची जाळी आणि न्हाणीतले फरशीचे सांधे. पैसे तीनही कामांना पुरत नसतील तर ओलीला द्या. बाकीची दोन पुढच्या वर्षावर गेली तरी घर पडत नाही.

ओल

पाणी येतंय कुठून हे कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. त्यासाठी जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब, फूटभर रुंद तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला दिसले तर खोलीतली हवा दमट आहे, म्हणजे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून खिडकी उघडायची, खर्च शून्य. चिकटपट्टी चिकटतच नसेल तर उत्तर तिथंच मिळालं. मांजर असलेल्या घरात प्लॅस्टिकपुढं पाट उभा करून ठेवा, नाहीतर रात्रीत ओरबाडून निघेल.

ओलीचा आकारही बोलतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा आणि त्यावर पांढरा खार फुलला असेल तर पाणी पायातून वर चढतंय. शहरातल्या जुन्या गल्ल्यांमधल्या दगडमातीच्या भिंतींत आणि खानापूरकडच्या जांभ्या चिऱ्याच्या घरांत हे जास्त, कारण पायावर ओल अडवणारा थर तेव्हा घालतच नसत. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर मधोमध ढगासारखा डाग असेल तर तो वाऱ्याबरोबर आपटणारा पाऊस. भिंतीच्या माथ्याला ओल असेल तर कौलं बघा. मंगळुरी कौल जागचं दोन बोटं सरकलं तरी पाणी वाशावरून भिंतीत उतरतं, आणि ते सरकवायला माकडांची टोळीच लागते असं नाही, रोज रात्री छपरावरून फिरणारा बोकाही पुरतो.

तालुक्याप्रमाणंही हिशेब बदलतो. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडं त्याच्या कितीतरी पट, आणि अथणीकडं गेलात की कोरडं. अथणीत चालणारी साधी पुट्टी खानापुरात एक पावसाळा काढेल याची खात्री कुणी देऊ नये.

आता एकेक सामान.

आतून लावायचा 'वॉटरप्रूफ' रंग: चढत्या ओलीला घेऊ नका. भिंतीच्या आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं. खालचे तीन फूट रंगानं बंद केले की ते चौथ्या फुटावरून बाहेर पडतं. डाग नाहीसा होत नाही, उंची वाढवून येतो. पावसाच्या माऱ्याला मात्र बाहेरून लावायचा वॉटरप्रूफ रंग चांगला. केसासारख्या बारीक भेगा झाकणारा, रबरासारखा ताणला जाणारा बाहेरचा रंग फक्त पश्चिमेच्या भिंतीला लावला तरी पुष्कळ काम होतं, बाकीच्या तीन भिंतींना साधं सिमेंट पेंट चालतं. दुकानात 'स्नोसेम' म्हटलं की कुठल्याही कंपनीचं सिमेंट पेंट पुढं येतं. ते लावायच्या आधी भिंत भिजवावी लागते आणि लावल्यावर पाणी मारावं लागतं. हे न केल्यानंच ते हाताला पावडर होऊन लागतं.

पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस): जमिनीपासून तीन-चार फुटांत अजिबात नको. ते जिप्सम. ओल लागली की मऊ पडतं आणि कुत्रं अंग घासून बसलं की ढलपे निघतात. छताला लावा, खाली नको.

गिलाव्यात मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं द्रव: घ्या, पण मोजून. डॉ. फिक्सिटचं एलडब्ल्यू प्लस असो नाहीतर त्याच जातीचं दुसरं, ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला २०० मिलि हे ठरलेलं माप. गवंडी बाटली उपडी करतो, 'जास्त घातलं तर जास्त पक्कं' म्हणतो. तसं होत नाही, सिमेंट धरायला वेळ लागतो. १२ फूट लांबीच्या भिंतीचा ४ फूट उंचीपर्यंतचा पट्टा म्हणजे ४८ चौरस फूट. १५ मिलिमीटर जाडीच्या, १ सिमेंटला ४ वाळू या प्रमाणातल्या गिलाव्याला खड्डे भरणं आणि नासाडी धरून साधारण ३० किलो सिमेंट आणि ३ घनफूट वाळू लागते. म्हणजे द्रव १२० मिलि. ताकाच्या लहान ग्लासात मावेल एवढंच. वाळू घेताना एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) नुसती मागू नका, गिलाव्याची पी-सँड मागा. काँक्रीटची जाड एम-सँड गिलाव्याला घातली की पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि तो झाकायला पुट्टीचं एक पोतं वाढतं.

काम असं. ओलीच्या रेषेच्या वर किमान एक फूट जाऊन जुना गिलावा काढायचा. आतला खार कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. मग भिंत उघडी सोडायची. इथंच सगळ्यांचा धीर सुटतो. तीन-चार आठवडे तरी द्या, उन्हाळ्यात. नंतर गिलावा, सात दिवस पाणी, आणि रंगासाठी पुढं धरून २८ दिवस. म्हणजे फेब्रुवारीत हात घातला तर एप्रिलअखेर रंगाचं बोलता येईल. चतुर्थीसाठी हेच वेळेवर.

दगडमातीच्या किंवा चिऱ्याच्या जुन्या भिंतीला मात्र हा सिमेंटचा उपाय उलटा पडतो. मातीच्या भिंतीला श्वास लागतो. तिला सिमेंटचं चिलखत घातलं की पाणी आत कोंडतं आणि वर्षा-दोन वर्षांत अख्खा पापुद्रा सुटून येतो, मागची माती भुसभुशीत. तिथं चुनाच. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग वाळू, एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि थरांमध्ये घाई नको, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. दुकानात 'चुना' म्हणा नाहीतर 'सुण्णा', मिळेल तेच. अवघड आहे ते चुन्यावर हात बसलेला गवंडी मिळणं. तो जुन्या वाड्यांच्या किंवा देवळांच्या दुरुस्तीवर असतो, तिथं विचारा. आणि चुन्याच्या गिलाव्यावर प्लॅस्टिक इमल्शन लावू नका, वरून चुन्याचाच हात द्या, नाहीतर सगळी मेहनत बंद डब्यात घातल्यासारखी होईल.

दोन भागांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग, म्हणजे एक पावडरची पिशवी आणि एक दुधासारखं द्रव: न्हाणीला लागून असलेल्या भिंतीला, जिथं न्हाणीच्या बाजूनं काही करता येत नाही तिथं, घ्यायला हरकत नाही. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये पाकिटावर लिहिलेला वेळ. दुसरा हात ओला असतानाच त्यावर जाड वाळू शिंपडा. नाहीतर वरचा गिलावा धरत नाही, कारण हे कोटिंग काचेसारखं गुळगुळीत वाळतं. बरीच कामं इथंच बिघडतात आणि दोष पुन्हा सामानाला जातो.

पुट्टी: पांढऱ्या सिमेंटची घ्या, ॲक्रिलिक पुट्टी ओलीच्या घरात नको. ४० किलोचं पोतं १२ बाय १०च्या खोलीला पुरतं. त्या खोलीच्या भिंती दारंखिडक्या वजा जाता साधारण ३८० चौरस फूट, आणि किलोमागे दोन हातांत १२ ते १५ चौरस फूट धरावेत. पोत्यावर २०-२२ लिहिलेलं असतं, ते आरशासारख्या भिंतीचं. कालवताना पावडर पाण्यात घाला, पाणी पावडरीत नको, नाहीतर गुठळ्या राहतात. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची, घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालून सैल केली की ती भिंतीवर चिकटते पण धरत नाही. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका. खड्डे पुट्टीनं भरायचे नसतात, गिलाव्यानं भरायचे असतात.

आणि या सगळ्याआधी एक काम आहे, ज्याला सामानच लागत नाही. घराभोवतीची माती जोत्याच्या वर चढली असेल तर ती फावड्यानं काढा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडात पडत असेल तर तिथं फरशी टाकून उतार बाहेरच्या बाजूला द्या. कित्येक घरांत निम्मी ओल एवढ्यानंच हटते. परसातल्या कुत्र्यानं भिंतीलगत उकरलेले खड्डेही याच यादीत येतात: पावसाळ्यात ते पाण्याच्या टाक्या होतात. मुरूम ठोकून भरा, वर दगड ठेवा.

जनावरांचं काय? ओला सिमेंट आणि चुना दोन्ही जळजळीत. पंजाला लागलं की कुत्रं चाटतं, आणि तोंड भाजतं. लागलंच तर साध्या पाण्यानं भरपूर धुवा. व्हिनेगर वगैरे प्रयोग नको. गिलावा सुरू असलेल्या खोलीला दार नसेल, सोप्यातून सरळ आत जाता येत असेल, तर चौकटीत प्लायवूडची तीन फुटी फळी अडकवा. मुधोळ हाउंड जातीच्या शिकारी कुत्र्याला तीन फूट म्हणजे काहीच नाही, त्याला त्या दिवशी नातेवाइकांकडं पाठवा. रंगासाठी तेलाचा इनॅमल आतून टाळा, टर्पेंटाइनची वाफ दोन-तीन दिवस जात नाही आणि पिंजऱ्यातल्या पाखरांना ती सगळ्यात आधी बाधते. पाण्याचं धुता येणारं इमल्शन घ्या, ३८० चौरस फुटांना दोन हातांसाठी ४ लिटर आणि त्याआधी प्रायमर ३-४ लिटर. लावल्यावर तीन-चार आठवडे ओल्या फडक्यानं घासू नका. 'धुता येणारा' रंगही पुरता पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो. कुत्र्याच्या अंगाचा तेलकट पट्टा साधारण दोन फुटांवर पडतो. तेवढ्या उंचीपर्यंत गडद, अर्धचकाकी असलेल्या रंगाची दाडी, म्हणजे भिंतीच्या बुडाला वेगळ्या रंगाचा पट्टा, काढली तर पुढची पाच वर्षं सुखाची.

फरशीवरचे सिमेंटचे शिंतोडे काढायला ॲसिड आणू नका. आपल्याकडच्या कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे. ती कलबुर्गी भागातली चुनखडी. ॲसिड पडलं की फेसाळते आणि तिथं कायमचा पांढरा चट्टा राहतो. पत्र्याच्या पट्टीनं खरवडा. काम संपल्यावर काळं फिनाईल टाकून घर पुसायची सवय असेल तर मांजराच्या घरात ती सोडा. त्यातल्या फिनॉल वर्गाच्या पदार्थांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. पाय भिजतात, पाय चाटले जातात, विष पोटात.

जाळी

पावसाळ्यानंतरचे डास हे इथलं जुनं दुखणं, म्हणून खिडकीची जाळी सगळेच लावतात. मांजर आलं की ती जाळी किती दिवस टिकते हे त्यानंतर कळतं.

बाजारात साधारण तीन जाती. फायबरग्लास सर्वात स्वस्त आणि सगळीकडं दिसणारी, करडी किंवा काळी. काचेच्या धाग्यावर पीव्हीसीचा मुलामा, इंचाला १८ बाय १६ घरं. हवा चांगली येते, उजेड येतो, पण मांजरानं एकदा नख अडकवून खाली खेचलं की धागा तुटतो आणि पुढं उसवत जातो. दुसरी 'पेट मेश' नावानं विकली जाणारी, पॉलिएस्टरच्या जाड धाग्याची. नखं अडकत नाहीत असं नाही, पण धागा ताण सोसतो. घरं थोडी मोठी, त्यामुळं डास अडतो पण फळांवरची बारीक चिलटं येऊ शकतात. आणि धागा जाड असल्यानं खोली किंचित अंधारी होते, वारा कमी येतो. तिसरी स्टेनलेस स्टीलची, सगळ्यात महाग आणि मांजरापुढं हार न मानणारी.

फायबरग्लासलाच 'पेट मेश' सांगून विकण्याचे प्रकार होतात. ओळखायला काडी लागते. दुकानदाराकडून बोटभर तुकडा मागा, बाहेर येऊन चिमट्यात धरून पेटवा. फायबरग्लास असेल तर काळा धूर निघून मुलामा जळतो आणि मागं धाग्यांची पांढुरकी जाळी तशीच उभी राहते, बोटांनी चुरडली की भुगा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, आणि टोकाला कडक काळा मणी होतो. धुरात नाक घालू नका, पीव्हीसीचा धूर घशाला लागतो.

स्टीलच्या जाळीला दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात: 'बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.' ३०४ म्हणजे चांगल्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलची प्रत. ही कसोटी अर्धीच खरी. चुंबक घट्ट चिकटलं तर ते ३०४ बहुतेक नाही, पण न चिकटणं म्हणजे ३०४ असा अर्थ नाही. स्वस्त २०२ हेही चुंबकाला चिकटत नाही, आणि दोन पावसाळ्यांत ते तांबूस ठिपके धरतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. कारवार-गोव्यासारखी खारी हवा इथं नाही, त्यामुळं ३१६ या वरच्या प्रतीची गरज नाही, ३०४ पुरेसं. कापलेल्या तारांची टोकं सुईसारखी असतात, जाड हातमोजे घालूनच हात लावा आणि खाली पडलेली बारीक टोकं चुंबकानं उचलायला जाऊ नका, बहुतेक उचलली जाणार नाहीत. ओल्या कापडानं टिपा, नाहीतर पंजात घुसतील.

माझं मत सरळ आहे. मांजर असेल तर तळमजल्याच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांना पॉलिएस्टर, वरच्या मजल्याला स्टील. ज्या खिडकीत मांजर बसतच नाही तिथं फायबरग्लास ठेवा, पैसे वाचवा.

बसवण्याच्या पद्धतीत जास्त गफलत होते. वेल्क्रोची जाळी ऑनलाइन खूप खपते. खिडकीच्या मापाची, कडेला काटेरी पट्टी, चिकटवलं की झालं. भाड्याच्या घरात, मांजर नसताना, ठीक. मांजर असताना ती धोक्याची आहे, हे ठासून सांगायला हवं. मांजर पक्ष्याकडं बघत जाळीवर पुढचे दोन पाय टेकतं, वजन पडतं, वेल्क्रो एका कोपऱ्यातून सुटतं, आणि मांजर खाली. वरच्या मजल्यावरून पडणं मांजर दर वेळी झेलतंच असं नाही. लहान पोरांच्या बाबतीतही तेच. डासांची जाळी माणसाला किंवा जनावराला धरून ठेवण्यासाठी नसते, त्यासाठी गज किंवा ग्रिल. आणि गजांमध्ये चार इंच अंतर असेल तर मांजर आरामात बाहेर जातं, डोकं गेलं की बाकीचं जातं.

भाड्याच्या घरात वेल्क्रोच लावायची असेल तर निदान नीट लावा. तेलरंगाचे पापुद्रे सुटलेल्या जुन्या सागवानी चौकटीवर ती धरत नाही. तिथं पोलिश पेपरनं घासून, स्पिरिटनं पुसून, पट्टी दाबून चिकटवायची आणि जाळी २४ तासांनंतरच अडकवायची. पहिल्याच दिवशी अडकवली की गोंद धरायच्या आत ताण पडतो. पट्टीवर दर सहा इंचांला एक बारीक चुका ठोकला तर ती वर्षभर हलणार नाही.

जुन्या घरांच्या सागवानी खिडक्यांचे पट बाहेर उघडतात आणि मध्ये उभे गज असतात. तिथं जाळी आतूनच बसते, बिजागरीवरच्या ॲल्युमिनियम चौकटीत. तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्यांना जाळीचा पट असतोच. तो नवा करायची गरज नाही. तोच पट काढून जाळी तेवढी बदला, एका रविवारचं काम. पट जमिनीवर सपाट ठेवा, कडेच्या खाचेतलं जुनं रबर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं उचला. नवी जाळी चारी बाजूंनी दोन इंच जास्त कापा. ४ बाय ३च्या पटाला १४ फूट परीघ, म्हणून १५ फूट रबर घ्या. जुनं रबर पुन्हा वापरू नका, ते आक्रसलेलं असतं. खाच साधारण ५ मिलिमीटरची असते आणि फायबरग्लासला त्याच जाडीचं रबर बसतं, पण पॉलिएस्टर किंवा स्टीलची जाळी जाड असल्यानं रबर अर्ध्या ते एक मिलिमीटरनं बारीक लागतं. हे दुकानात कुणी सांगत नाही, घरी आल्यावर रबर खाचेत जात नाही आणि मग हातोडीनं ठोकून जाळी कापली जाते.

एका लांब बाजूनं सुरू करा, मग समोरची, मग उरलेल्या दोन. जाळी हातानं तबल्यासारखी ताणू नका. रबर खाचेत जातानाच ती आपोआप ताणली जाते. आधीच ताणलेली असेल तर ॲल्युमिनियमचा पट कमरेत आत वाकतो, डमरूसारखा, आणि मग ट्रॅकमध्ये सरकत नाही. तीन फुटांहून लांब पटाला मधे आडवी पट्टी असावी. दाबायला चाकाचं रोलर मिळतं, ते घ्या. चमच्याच्या दांड्यानं होतं, पण जाळी फाटायची भीती असते.

दारासाठी मधे लोहचुंबकानं आपोआप मिटणारे पडदे येतात. मांजराला आणि शांत कुत्र्याला ते दोन दिवसांत समजतं, डोकं घालून जातात, येतात. पोरं मात्र पळत जाताना ओढतात आणि वरची पट्टी उखडते. जर्मन शेफर्ड किंवा मुधोळसारखं कुत्रं असेल तर हा पडदा महिनाभराचा पाहुणा. त्याला ॲल्युमिनियमच्या चौकटीचं जाळीदार दार हवं, आणि खालचे दोन-अडीच फूट जाळीऐवजी पत्रा किंवा सनमायका लावलेली प्लाय. कुत्रं पुढचे पंजे तिथंच मारतं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या कारखान्यांच्या पट्ट्यात फॅब्रिकेशनवाल्याकडं माप देताना हा खालचा भाग आधीच सांगा, नंतर जोडायला सांगितला तर दार एका बाजूला झुकतं.

सांधे

न्हाणीत फरशीच्या सांध्यांतला सिमेंटचा ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, काळा पडतो, पोकळ होतो, आणि मांजराच्या शी-शूसाठीचा मातीचा डबा तिथं असेल तर वास त्या सांध्यांत मुरतो. ब्लीच टाकून घासायची सवय इथं घातक आहे. मुतातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइनची वाफ होते, डोळ्यांना आणि फुप्फुसांना लागणारी, बंद न्हाणीत आणखीच. आधी भरपूर पाणी, मग एन्झाइमचं क्लिनर.

कायमचा उपाय म्हणजे इपॉक्सी ग्राउट, दोन द्रव आणि पावडर कालवून होणारा. महाग आहे, तरी घ्या. पाणी पीत नाही, डाग धरत नाही. ४० चौरस फुटांच्या न्हाणीत १२ इंची फरशा आणि ३ मिलिमीटरचे सांधे असतील, ते ३ मिलिमीटर खोल खणले असतील, तर नासाडी धरून अर्धा किलो लागतो. एक किलोचं पाकीट घेतलं की खालची एक फूट भिंतही होते. दुकानदार दोन किलो सांगेल.

वेळेचं गणित हेच खरं अवघड. सांधा कोरडा ठणठणीत हवा, २४ तास पाणी नाही. एकच न्हाणी असलेल्या घरात म्हणजे शनिवारी सकाळी आंघोळी उरकून लगेच खणायचं, दिवसभर आणि रात्री पंखा, रविवारी दुपारी भरायचं, आणि सोमवारी दुपारपर्यंत पाय नाही. सोमवारच्या आंघोळी शेजारी. शेजारी चांगले नसतील तर दोन अर्ध्या भागांत, दोन आठवड्यांत करा. दोन द्रव आधी एकत्र, रंग एकसारखा झाल्यावरच पावडर. एका वेळी पाव पाकिटाहून जास्त कालवू नका. अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होतं, एप्रिलच्या उन्हात त्याहून लवकर. फरशीवर राहिलेला थर लगेच ओल्या स्पंजानं, साबणाच्या पाण्यानं गोल फिरवून पुसा. दुसऱ्या दिवशी तो पुसला जात नाही, पातीनं खरवडावा लागतो आणि फरशीवर ओरखडा उठतो.

मांजराचा डबा त्या दोन दिवसांत एकदम दुसऱ्या खोलीत नेलात तर ते बिथरून गादीवर मुतेल. चार-पाच दिवस आधीपासून रोज हातभर सरकवत न्या. आणि ग्राउट पूर्ण पक्का व्हायला सात दिवस लागतात, तोवर न्हाणीत क्लिनर, फिनाईल काही ओतू नका, डबाही सातव्या दिवसानंतरच परत त्याच्या जागी.